निरनिराळ्या हवामानांतील पाखरे आणि आपले शिवार

ज्वारी दाण्यात आली म्हणजे सोलापूर, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील शिवारांत पहाटेपासून गोफणीचे आवाज ऐकू येऊ लागतात. माळ्यावर उभा असलेला राखणदार हाकारे घालतो, डबे वाजवितो. तरीही भोरड्यांचा थवा एका वावरातून उठतो तो शेजारच्या वावरात उतरतो. अशा दिवसांत पाखरांचे कौतुक करणारा लेख शेतकऱ्यांच्या मासिकात यावा हे काही वाचकांस विचित्र वाटेल. ‘पाखरे पाहण्याची हौस शहरच्या लोकांनी करावी, आमची तर कणसे जातात,’ असे उद्गार आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहेत. ते खोटे नाहीत. ज्याची कणसे जातात त्यास बोलण्याचा पहिला हक्क आहे हे मान्य करूनच आम्ही हा विषय हाती घेत आहोत.

आमचे म्हणणे एवढेच की, रानपाखरांची नानापरी पाहून आनंद घेण्याची जी संधी शेतकऱ्यास आहे ती दुसऱ्या कोणासही नाही. शहरच्या हौशी माणसास गाडीभाडे खर्चून, गळ्यात दुर्बीण अडकवून एखाद्या तलावाच्या काठी यावे लागते. आपणांस कोठेही जावे लागत नाही. सैबेरियाचा बर्फाळ प्रदेश, मध्य आशियातील गवताची अफाट मैदाने, तिबेटचे उंच पठार, आफ्रिकेतील रान आणि सिंहलद्वीपाचे अरण्य या सर्व ठिकाणचे रहिवासी वर्षभरात पाळीपाळीने आपल्या बांधावर हजेरी लावून जातात. शिवाय ज्याची ओळख आहे त्याच्याशी व्यवहार कसा करावा हे कळते. ज्याची ओळख नाही तो सरसकट चोर ठरतो. म्हणून ही ओळख आम्हांस केवळ करमणुकीची बाब वाटत नाही, ती शेतीच्या हिशेबातली बाब वाटते.

पाखरे येतात कशाकरिता?

उत्तरेकडील मुलखांत उन्हाळा थोडा, पण भरघोस असतो. ध्रुवाजवळच्या प्रदेशात त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, किड्यांचा सुकाळ होतो, आणि पिलांस चारा घालण्यास चोवीस तास उजेड मिळतो. म्हणून पाखरे तेथे घरटी करितात. दिवस लहान होऊ लागला की पुढे जमीन गोठणार, किडे नाहीसे होणार, पाण्यावर बर्फाचा थर धरणार. पुष्कळांचा समज असा की पाखरे थंडीस भिऊन पळतात. वस्तुतः पिसांचे पांघरूण असलेल्या पाखरास थंडीपेक्षा उपासमारीचे भय अधिक असते. ज्या दिशेस अन्न आहे त्या दिशेस ती निघतात.

निघण्याची वेळ त्यांस मुख्यत्वे दिवसाच्या लहानमोठेपणावरून कळते. प्रवासापूर्वी ती अधाशासारखी खातात व अंगात चरबीचा साठा करितात. तीच त्यांची शिदोरी. दिशा कळण्यास सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिहींचा त्यांस उपयोग होतो असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पाखरांच्या पायांत क्रमांक कोरलेली हलकी कडी घालून त्यांचे मार्ग शोधण्याचे काम आपल्या देशात, मुंबईस १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षे केले आहे. अलीकडे पाठीवर लहानसे यंत्र बसवून उपग्रहाच्या साह्याने एकेका पाखराचा प्रवास घरबसल्या पाहता येतो. उत्तर ध्रुवसमुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतच्या ज्या आकाशमार्गाने ही पाखरे आपल्याकडे येतात त्यास मध्य आशियाई मार्ग असे नाव असून तो तीस देशांवरून जातो. आपले शिवार त्या मार्गावरचा एक मुक्काम आहे.

आता आपल्या पेरणी-काढणीच्या क्रमानेच या पाहुण्यांकडे पाहू.

मृगाचे पाहुणे

उत्तरेकडून येणाऱ्यांच्या आधी नैर्ऋत्येकडून येणाऱ्याचा मान. तो चातक. साळुंकीपेक्षा थोडा सडपातळ, लांब शेपटीचा, वरून काळा व खालून पांढरा, डोक्यावर ऐटदार शेंडी. मृगाच्या सुमारास बांधावरच्या बाभळीवरून त्याची ‘पियू पियू’ अशी साद ऐकू येते. चातक पावसाची वाट पाहतो ही समजूत जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी खरे निरीक्षण आहे. दक्षिण भारतात काही चातक बारमाही राहतात, परंतु आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारे आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतात. जो नैर्ऋत्य वारा अरबी समुद्रावरून ढग आणतो तोच वारा त्यांस पाठीशी मिळतो. ढग आणि चातक एकाच गाडीने येतात, इतकाच त्यांचा संबंध.

चातकाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते आणि पिलू वाढविण्याचे काम त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात पडते. सातभाई जन्मभर आपल्या शिवाराबाहेर फारसे जात नाहीत. त्यांच्या घरट्यात वाढलेले पिलू मात्र पावसाळा सरल्यावर, आईबापांनी वाट दाखविल्यावाचून, आफ्रिकेकडे निघून जाते. दिशेचे ज्ञान त्याच्या रक्तातच असते. शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे की, इतर पाखरे ज्या केसाळ अळ्यांस सहसा शिवत नाहीत त्या चातक आवडीने खातो.

याच सुमारास दक्षिण भारतातून आणि सिंहलद्वीपातून नवरंग येतो. हिरवा, निळा, तांबडा, पिवळसर, काळा, पांढरा असे रंग एका वितीच्या अंगावर बसविलेले हे पाखरू कोकणातील व घाटमाथ्यावरील झाडीत घरटे करिते. इतके रंग असूनही ते दिसते थोडे, कारण पाचोळ्यात चोच खुपशीत ते जमिनीवरच हिंडते. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू आली म्हणजे ते आहे असे समजावे.

हस्तापासून कार्तिकापर्यंत

हस्ताचा पाऊस ओसरू लागला, रब्बीसाठी रान तयार होऊ लागले, की एके सकाळी औताच्या मागे शेपटी वरखाली हालवीत चालणारे एक पाखरू दिसते. हा धोबी, काही भागांत यास परीट म्हणतात. पांढरा धोबी काश्मीर-लडाखपासून सैबेरियापर्यंतच्या थंड मुलखांतून येतो. त्याचा भाऊबंद पिवळा धोबी मध्य आशिया व सैबेरिया येथून येतो आणि चरणाऱ्या गुरांच्या पायांशी राहून उडणाऱ्या माश्या टिपतो. पाटाचे पाणी वाफ्यात शिरताना जे किडे वर येतात ते खाण्यास हे दोघे हजर असतात. चार तोळ्यांपेक्षाही कमी वजनाचा हा जीव हिमालय ओलांडून आपल्या कांद्याच्या वाफ्यात उतरतो, हे एकदा मनात आले म्हणजे रोजचे बारे देण्याचे काम तितकेसे कंटाळवाणे राहत नाही.

कार्तिकात आकाशाकडे लक्ष ठेवणाऱ्यास कधी कधी लहान ससाण्यांचे थवे दिसतात. हे अमूर ससाणे. रशिया व चीन यांच्या सीमेवर अमूर नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात यांची घरटी. हिवाळा काढावयाचा तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी नागालँड-मणिपुरात विसावा घेऊन, भारताचे द्वीपकल्प आडवे ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेचा किनारा गाठतो. नागालँड ते सोमालिया हे अंतर पाच-सहा दिवसांत तोडल्याची नोंद यंत्र बसविलेल्या ससाण्यांवरून झाली आहे. वाटेत त्यांचे मुख्य खाद्य म्हणजे उडणारी वाळवी.

या ससाण्यांची एक हकीकत शेतकऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. नागालँडातील दोयांग जलाशयाच्या काठी २०१२ साली मासे धरण्याच्या जाळ्यांत हे ससाणे हजारोंनी पकडले जात व विकले जात. पकडणारे लोक श्रीमंत शिकारी नव्हते. हाताला येईल ते विकून चार पैसे मिळविणारे खेडूत होते. ही गोष्ट उघडकीस आल्यावर पांग्ती व आसपासच्या गावांच्या पंचायतींनी स्वतः बंदी घातली, आणि २०१३ च्या हंगामात ही शिकार थांबली. एका वर्षात गावांनी आपली रीत बदलली. सरकारी कायदा पूर्वीही होता. तो अमलात आला तो गावाने मनावर घेतल्यामुळे.

याच दिवसांत माळरानावर भोवत्या दिसू लागतो. जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पंख किंचित वर धरून, गवतावरून व पिकावरून संथपणे फेऱ्या घालणारा हा शिकारी पक्षी होय. नर बहुधा राखी-पांढरा, मादी तपकिरी. याच्या दोनतीन जाती कझाकस्तान व त्याच्या सभोवारच्या गवताळ मैदानांतून येतात. टोळ, नाकतोडे, उंदीर व सरडे हे यांचे भक्ष्य. लहान पाखरेही सुटत नाहीत. पोटासाठी दिवसभर आपल्या वावरांवरून फिरणारा हा राखणदार मजुरी मागत नाही. त्यास एकच गोष्ट लागते. तो झाडावर न बसता रात्री गवतात, जमिनीवरच झोपतो. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरच्या गवताळ रानात हिवाळ्याच्या संध्याकाळी भोवत्यांचे थवेच्या थवे मुक्कामास उतरतात. गवती माळ मोडला की त्याचे अंथरूण गेले असे समजावे.

पाण्याकाठची जत्रा

मार्गशीर्ष-पौषात खरी जत्रा भरते ती पाण्याकाठी. गोदावरीवरील जायकवाडीचे धरण १९७६ साली व भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. ज्यांच्या पिढीजात काळ्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांस या पाण्याची शोभा वर्णन करून सांगणे आम्हांस शोभणार नाही. तरी हेही खरे की, हे पाणी पसरल्यावर दूरदेशीच्या पाखरांनी ते हेरले. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा तर इंग्रजी अमदानीतला. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ साठलेल्या गाळाने तेथे उथळ पाणथळ तयार झाले आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची गणना झाली. जानेवारी २०२० मध्ये हे जाहीर करण्यात आले.

येथे येणाऱ्यांत मानाचा पाहुणा म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. याची घरटी मंगोलिया, तिबेट व लडाख येथील उंच सरोवरांच्या काठी. येताना त्यास हिमालय आडवा येतो. एका हंसाने वाटेत ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद आहे. तेथे समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याहूनही कमी प्राणवायू मिळतो. आश्चर्य असे की हा शहाणा पक्षी विनाकारण उंच चढत नाही. डोंगराच्या चढउतारास धरून तो वर-खाली होत जातो, आणि रात्री किंवा पहाटे, हवा गार व दाट असताना, प्रवास करणे पसंत करितो. घाट चढताना बैलांस दम देत चालणाऱ्या गाडीवानास हा हिशेब निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्या सोबतीस नारिंगी-तांबूस रंगाचे चक्रवाक, पसरट चोचीचे थापटे, टोकदार शेपटीची तलवार बदके असतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की त्यावर चिखले, तुतवार आणि टिलवे धावू लागतात. टिलवा हा वजनाने चिमणीएवढा पक्षी. याचे जन्मस्थान उत्तर ध्रुवाजवळचा, झाड नावाची वस्तू नसलेला ओसाड प्रदेश. जेथे आपण माघात गाळपेर करितो त्याच चिखलात तो डोके वर न करता बारीक किडे वेचीत असतो. गाळपेर करणाऱ्याच्या पायापासून दहा हातांवर ध्रुवप्रदेशाचा रहिवासी जेवत आहे. फक्त त्याची ओळख झालेली नसते.

हे सर्व पाहुणे निरुपद्रवी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. हंस पाण्याकाठच्या हरभऱ्याचे व गव्हाचे कोवळे कोंभ खुडतात. मंगोलिया-कझाकस्तानकडून येणारे करकोचे हरभरा व भुईमूग खातात. पण याच करकोच्यांस राजस्थानात कुरजां म्हणतात, आणि फलोदीजवळच्या खीचन या गावी तेथील लोक वर्षानुवर्षे हिवाळ्यात रोज त्यांस धान्य घालतात. हजारो करकोचे तेथे निर्भयपणे उतरतात व ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. इकडे उजनीच्या काठी भिगवण-कुंभारगाव भागांतही रोहित पक्षी दाखविण्यासाठी होडी चालविणे व पाहुण्यांस जेवू घालणे हा हिवाळ्यातला जोडधंदा झाला आहे. पाखरांपासून दोन पैसे मिळू शकतात हे तेथील मच्छीमार व शेतकरी कुटुंबांनी दाखवून दिले आहे.

एक पाखरू, दोन शेतकरी

आता ज्या पाखराने या लेखाची सुरुवात झाली त्याकडे वळू. भोरडी, म्हणजेच पळसमैना: गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख व डोक्यावर शेंडी. हिचे माहेर आग्नेय युरोपापासून मध्य आशियापर्यंत पसरलेले आहे. जेथे टोळ व नाकतोडे विपुल झाले असतील तेथे हजारोंच्या वस्तीने ती घरटी करिते आणि पिलांस तेच चारते. पिले उडती झाली की लगेच निघते. आपल्याकडे ती श्रावणाच्या सुमारासच येऊ लागते व चैत्रापर्यंत राहते. वर्षाचे आठ महिने ती आपली व चारच महिने परक्यांची, असा हिशेब आहे.

चीनच्या वायव्येस शिंज्यांग हा गवताळ प्रांत आहे. तेथील मेंढपाळांस टोळांचा मोठा उपद्रव. १९८० नंतरच्या काळात तेथे या पाखरास बोलाविण्याकरिता मुद्दाम दगडांचे ढीग व विटांची घरटी रचण्यात आली. भोरड्या आल्या, दगडांच्या फटींत त्यांनी संसार मांडला, आणि टोळांवरील विषाचा खर्च व उपद्रव कमी करण्याचे साधन म्हणून त्यांचा उपयोग होऊ लागला. तिकडचा माणूस ज्या पाखरासाठी दगड रचतो त्याच पाखरावर आपण गोफणीतून दगड फेकतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पाखरू तेच, पण तिकडे ते आषाढात टोळ खाताना दिसते व इकडे पौषात कणसे खाताना दिसते.

तथापि आपल्याकडील तिच्या आठ महिन्यांचा जमाखर्च नीट मांडावयास हवा. श्रावणापासून आश्विनापर्यंत ती गवतातील नाकतोडे व अळ्या खाते. पुढे वड, पिंपळ, उंबर, बोर यांच्या फळांवर असते. ज्वारी दाण्यात आली की ती ज्वारीवर पडते. येथे आपले नुकसान होते व लहान शेतकऱ्याचे ते भारी होते. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर फुलली म्हणजे ती मध पिण्यास त्यांवर जमते, कपाळास पराग माखून या झाडावरून त्या झाडावर जाते व बी धरण्यास मदत करिते. म्हणजे खर्चाची बाजू तीनचार आठवड्यांची आहे, जमेची बाजू बाकीच्या महिन्यांची. ती वजा करून जो हिशेब मांडील तो आपल्याच खात्यावर अन्याय करील.

तेव्हा राखण जरूर करावी, पण ज्वारीच्या दुधाळ अवस्थेपासून दाणा टणक होईपर्यंत, आणि विशेषतः सकाळी व संध्याकाळी. एका शिवारातील सर्वांनी पेरणी शक्य तितकी एकाच सुमारास केल्यास थवा विभागला जातो. जे वावर सर्वांच्या आधी किंवा सर्वांच्या मागून येते त्यावर सारा मार पडतो हा सर्वांचा अनुभव आहे. राखणीचे काम भावकीने वाटून घ्यावे. बुजगावणे, चकाकणारी फीत, डब्याचा आवाज यांस पाखरे चार दिवसांत सरावतात. म्हणून साधन व जागा बदलीत राहावे. गोफणीने थवा उठवावा. विषाने तो निजवू नये.

विषाचा प्रश्न

हे शेवटचे वाक्य आम्ही सहज लिहिलेले नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात घरटी करणारा एक ससाण्यासारखा शिकारी पक्षी हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशाच्या शेतांत जातो व टोळ-नाकतोडे खातो. आपल्या भोवत्याचाच व्यवसाय. १९९५-९६ च्या हंगामात तेथील शेतकऱ्यांनी टोळांवर मोनोक्रोटोफॉस फवारले. विषारी टोळ खाऊन, आणि काही तर फवाऱ्याखालीच सापडून, हे पक्षी हजारोंनी मेले. ज्या कामासाठी विष आणले तेच काम फुकट करणारा मजूर त्या विषाने मेला. पुढे त्या भागांत ते औषध बंद करण्यात आले.

मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या वाचकांस परके नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करीत असता विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ती आठवण अजून ताजी आहे. पाखरू मरते ते आधी, कारण ते लहान आहे. माणूस आजारी पडतो तो मागून. ज्या वावरात धोबी येईनासा झाला त्या वावराच्या मालकाने आपल्या फवारणीकडे एकवार पाहावे. पाखरांचा असा उपयोग कोणत्याही प्रयोगशाळेच्या शुल्काशिवाय होतो.

आपण काय करावे

यासाठी मोठ्या खटपटीची आवश्यकता नाही. बीजप्रक्रिया केलेले बियाणे जमिनीवर उघडे सांडू देऊ नये. वेचून घ्यावे किंवा मातीआड करावे, कारण दाणे टिपणारी पाखरे ते प्रथम उचलतात. फवारणी करावयाचीच तर कीड मोजून, नुकसानीची पातळी ओलांडल्यावर करावी. हरभऱ्यात व तुरीत पाखरांस बसण्यासाठी जागोजागी काठ्या उभ्या कराव्यात; घाटेअळी टिपण्यास कोतवाल व साळुंकी त्यांवर बसतात. बांधावरील बाभूळ, बोर, पळस, पांगारा शक्य तोवर तोडू नये. पडीक माळाचा एखादा पट्टा गवताखाली राहू द्यावा. तो गुरांसही उपयोगी पडतो. विहिरीच्या मातीचा किंवा शेततळ्याचा एक काठ उतरता ठेवला तर चिखले-तुतवारांस उतरता येते. जाळी लावणे, शिकार करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सर्वांनी लक्षात ठेवावे.

गेलेले परत आणणे किती कठीण असते याचा दाखला आपल्या घरातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा तर परदेशचा पाहुणाही नव्हे, आपल्याच माळांचा मूळ रहिवासी. आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. आपल्या आजोबांनी जो पक्षी गुरे राखताना सहज पाहिला तो आपल्या नातवंडांस चित्रात दाखवावा लागेल अशी वेळ आली, ती कोणी ठरवून आणलेली नाही. माळ थोडा थोडा करून संपला.

शेवटी आनंदाविषयी. नफातोट्याचा एवढा हिशेब मांडला तो मुद्दाम, कारण शेतकऱ्याने हिशेब टाकून देऊन हौस करावी असे आम्ही सांगू शकत नाही. परंतु हिशेब पुरा झाल्यावरही काही उरते. बांधावर भाकरी सोडून बसलेल्या माणसापुढे तिबेटचा हंस, ध्रुवाकडचा टिलवा, कझाकस्तानचा भोवत्या आणि आफ्रिकेचा चातक आपापल्या वेळी येऊन जातात, हे वैभव जमीनधारकास सातबाऱ्यावर न लिहिता मिळालेले आहे. ते भोगण्यास डोळे आणि थोडे थांबणे एवढेच लागते. पाखरांकडे सरळ चालत जाऊ नये. बसावे, ती आपणच जवळ येतात.

आमची वाचकांस विनंती आहे की, घरात मुलांची एखादी अर्धी कोरी वही असेल ती या कामी लावावी. पहिला धोबी कोणत्या तारखेस दिसला, चातक पावसाच्या किती दिवस आधी किंवा मागून बोलला, भोरड्या केव्हा आल्या व केव्हा गेल्या, ज्वारीच्या कोणत्या वावराचे किती नुकसान झाले, एवढे चार रकाने पुरेत. पाखराचे नाव ठाऊक नसेल तर गावात जे नाव चालते तेच लिहावे. रंग व आकार नोंदवावा. तीनचार वर्षांची अशी वही शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहिली म्हणजे राखण केव्हा सुरू करावी हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज राहणार नाही. येत्या हस्तापासून हा उपक्रम सुरू करावा. औताच्या मागून चालणारा, शेपटी हालविणारा तो छोटा पाहुणा पहिल्या पानावर नोंदविण्याजोगा आहे.